सीमाभागातली गाण्यांची रेडिओ केंद्रं: कोलंबो ते कोल्हापूर, आणि मधलं बेळगाव

कोल्हापूरहून गाडी बेळगावकडे निघाली की कागल जातं, निपाणी येतं, तोवर गाडीतला एफएम खणखणीत वाजत असतो. ९८.३ ला मिर्ची, ९४.३ ला टोमॅटो. मराठी गाणं, हिंदी गाणं, मधे कोल्हापूरच्या कुठल्यातरी सराफाची जाहिरात. निपाणी मागे पडली आणि तवंदीचा घाट लागला की आवाजात खरखर सुरू होते. घाट उतरून संकेश्वरच्या बाजूला गेलं की गाणं तुटायला लागतं, आणि थोड्या वेळात ड्रायव्हर पेनड्राइव्ह लावतो.

राज्याची हद्द तर कागलच्या पुढेच संपलेली असते. रेडिओची हद्द मात्र तवंदी घाटात संपते. सीमाभागातल्या रेडिओचा इतिहास लिहायचा तर या दुसऱ्या हद्दीपासून सुरुवात केलेली बरी, कारण पहिलीबद्दल आपण खूप लिहिलंय.

बेळगाव हे २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीत सुमारे ४ लाख ८८ हजार वस्तीचं शहर. कोल्हापूर त्याच जनगणनेत साधारण ५ लाख ४९ हजार. दोन्ही शहरांत फार अंतर नाही, ना आकाराचं ना रस्त्याचं. पण कोल्हापूरला खासगी एफएम केंद्रं आली आणि बेळगाव कोरडं राहिलं. बेळगाव-निपाणी पट्ट्याने सत्तर वर्षं हिट गाणी ऐकली, अगदी वेड लागल्यासारखी ऐकली, पण ती नेहमी दुसऱ्या गावाहून आली. सगळ्यात आधी तर समुद्रापलीकडून.

बुधवार, रात्री आठ

श्रीलंकेच्या एकाला इथल्या ट्रान्समीटरवरून निघालेला रेडिओ सिलोनचा हिंदी कार्यक्रम बेळगावात ऐकू यायचा, म्हणजे सरळ रेषेत हजार किलोमीटरहून जास्त. हे शक्य झालं ते शॉर्टवेव्हमुळे. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जाऊन वातावरणाच्या आयनांच्या थरावर आदळतात आणि परत जमिनीकडे येतात. डोंगर, घाट, राज्य, देश, काही आडवं येत नाही. आवाज मात्र लाटेसारखा वरखाली होतो. जुनी माणसं सांगतात ना, "स्टेशन लागायचं, जायचं, परत लागायचं," ते त्यामुळेच. २५ आणि ४१ मीटर हे आकडे तेव्हाच्या घरांत पोराबाळांनाही पाठ असत.

सिलोनचा तो जोरदार ट्रान्समीटर मुळात गाण्यांसाठी नव्हताच. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी रेडिओ सीक चालवला, त्याची ती यंत्रणा. युद्ध संपल्यावर ती सिलोन सरकारकडे गेली आणि १९५० मध्ये तिथे व्यापारी सेवा सुरू झाली. जाहिराती घ्यायच्या आणि गाणी वाजवायची, असा साधा हिशोब.

३ डिसेंबर १९५२ ला या केंद्रावरून बिनाका गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, तेव्हा विशीचे. कार्यक्रम कोलंबोत तयार होत नव्हता. मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. सुरुवातीला त्यात क्रमवारी नव्हती. सात गाणी वाजवायची आणि ती कुठल्या क्रमाने प्रसिद्ध झाली ते श्रोत्यांनी ओळखून पाठवायचं, अशी ती स्पर्धा. सयानी नंतर अनेक मुलाखतींत सांगत, की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली. पत्रांचा हा ढीग आवरेना, म्हणून स्पर्धा बंद करून लोकप्रियतेची क्रमवारी सुरू झाली. देशभरातल्या दुकानांतली रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांवरून गाण्याची 'पायदान' ठरू लागली.

पायदान हा शब्द आपल्याकडे याच कार्यक्रमाने रुजवला. मराठीत आपण पायरी म्हणतो, पण पहिल्या नंबरच्या गाण्याला कुणी 'पहिल्या पायरीवर' म्हणत नसे.

बुधवारी रात्री आठला रेडिओ असलेल्या घरात शेजारपाजार जमायचा. रेडिओ ठेवायला तेव्हा परवाना लागायचा आणि तो पोस्टात जाऊन दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. त्यामुळे प्रत्येक घरात संच नव्हता. हॉटेलात मात्र असायचा, आणि एका चहावर तासभर बसायची पद्धत तिथूनच पडली असावी. सकाळी सिलोनवर साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी लागत, आठ वाजायला आले की शेवटी सैगल. शाळेला निघायची वेळ झाली हे घड्याळाऐवजी सैगलवरून कळणारी पिढी आज सत्तरी ओलांडून गेली.

मराठी मंत्री आणि सिनेमाची गाणी

कोलंबोला एवढे श्रोते मिळाले कसे? उत्तर दिल्लीत आहे, आणि त्यातला मुख्य माणूस मराठी आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री झाले. पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ कापला गेला, गाणी तपासून घेतली जाऊ लागली, आणि गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात असं ठरून नाव गाळलं जाऊ लागलं. निर्माते चिडले, त्यांनी गाण्यांची परवानगीच काढून घेतली. चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली, आणि नेमक्या त्याच वर्षी डिसेंबरात गीतमाला सुरू झाली.

केसकरांवर हसणं सोपं आहे. पण गायक-वादकांना आकाशवाणीने नोकऱ्या दिल्या, रेडिओ संगीत संमेलनं भरवली, हेही त्यांच्याच काळात. धारवाडसारख्या केंद्रांना त्याचा फायदाच झाला. चूक झाली ती एवढीच, की रेडिओची कळ फिरवायला सरकारची परवानगी लागत नाही हे त्यांच्या हिशोबात नव्हतं.

शेवटी दिल्लीलाच माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवरून. सीमाभागाला तीही बाहेरूनच आली. तिचा एक कार्यक्रम मात्र बेळगावला जवळचा होता. जयमाला, म्हणजे फौजी भावांच्या फर्माईशीची गाणी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, आणि चंदगड, खानापूर, गडहिंग्लज, निपाणी या भागांतल्या कितीतरी घरांतला एक माणूस पलटणीत. लडाखहून कुणी गाणं मागितलं आणि नाव ओळखीचं निघालं, तर गावात दुसऱ्या दिवशी तोच विषय.

१ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई-पुणे-नागपूरला विविध भारतीवर जाहिराती आल्या. रेडिओ सिलोनचा धंदा तिथून उताराला लागला. गीतमाला पुढे सिबाका नावाने चालू राहिली आणि १९८९ मध्ये विविध भारतीवरच आली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले.

धारवाड, पुणे, सांगली

शॉर्टवेव्हच्या बरोबरीने मीडियम वेव्हची केंद्रं होती, आणि त्यांची गोष्ट सीमाप्रश्नाशी जास्त जोडलेली आहे.

आकाशवाणी धारवाड ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं. तेव्हा धारवाड आणि बेळगाव दोन्ही मुंबई राज्यात. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं, तेही त्याच राज्यात. म्हणजे पहिली काही वर्षं बेळगावचा श्रोता एकाच राज्यातल्या दोन केंद्रांच्या मधे होता. दक्षिणेला कानडी धारवाड, उत्तरेला मराठी पुणे. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर संगीत सल्लागार होते. कानडी घरातला हा गायक, त्याचं गाणं ऐकायला बेळगावचा मराठी माणूस धारवाड लावायचा, त्यात भाषेचा प्रश्न येत नव्हता. ७६५ किलोहर्ट्झवरचं धारवाड नंतर दोनशे किलोवॅटचं झालं, त्यामुळे ते आपल्याकडे घरच्यासारखं लागतं.

पुण्याहून १ एप्रिल १९५५ ला गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं, वर्षभराहून जास्त काळ. हिट पाहिजे तर हे हिट. सिनेमा नाही, जाहिरात नाही, रेकॉर्डचं दुकान नाही, आणि लोक रेडिओला हार घालत होते. फडके मूळचे कोल्हापूरचे, हे निपाणीकर अजून अभिमानाने सांगतात, जणू कोल्हापूर म्हणजे निपाणीचाच वाडा. गीतरामायणाचा पहिला फेरा एप्रिल १९५६ मध्ये संपला. पुढे सहा महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात आला.

नकाशावर रेघ ओढली गेली, पण रेडिओवर ती उमटली नाही. बेळगावचा मराठी श्रोता आदल्या दिवशी पुणे ऐकत होता, दुसऱ्या दिवशीही पुणेच ऐकत होता. १९६३ मध्ये आकाशवाणी सांगली सुरू झालं, १२५१ किलोहर्ट्झवर. निपाणीच्या पट्ट्याला मराठीतलं सगळ्यात जवळचं केंद्र मिळालं. बाजारभाव, शेतीचे कार्यक्रम, नाट्यगीतं, भक्तिगीतं. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. हात आणि डोळे कामात, कान मोकळे. रेडिओला यापेक्षा चांगला श्रोता मिळणार कुठे?

याच काळातली एक आडवाटेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बेळगावहून लोंढ्यामार्गे गोव्याला जाणाऱ्या रेल्वेवर कॅसलरॉक आहे. गोवा पोर्तुगीजांकडे असताना वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ मध्ये आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला आणि पुढे तो कॅसलरॉकला हलवला. कोकणी आणि पोर्तुगीजमधून गोव्यातल्या लोकांना बातम्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत तो चालला. गाण्यांशी त्याचा संबंध नाही, मान्य. पण सगळं जग बाहेरून आपल्याकडे प्रसारण करत असताना आपल्या जंगलातून कुणीतरी बाहेर प्रसारण करत होतं, याची नोंद इथे हवी. लिबिया लोबो सरदेसाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

एफएम आला आणि पल्ला आखडला

एफएमचा आवाज स्वच्छ. पण त्याच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. टॉवर जिथून 'दिसतो' तिथवर गाणं. डोंगर आडवा आला की संपलं. शॉर्टवेव्ह हजार किलोमीटर जायचं, मीडियम वेव्ह शंभर-दोनशे किलोमीटर सहज जायचं, एफएम पन्नास-साठ किलोमीटरवर दमतं. तंत्र सुधारत गेलं तसा रेडिओचा पल्ला आखडत गेला. ज्या शहरात टॉवर आहे त्याला याची झळ नाही. मधल्या माणसाला आहे, आणि सीमाभाग म्हणजे कायमचा मधला माणूस.

केंद्र सरकारने खासगी एफएमचा पहिला टप्पा १९९९-२००० मध्ये काढला. देशातलं पहिलं खासगी केंद्र ३ जुलै २००१ ला बेंगळुरूला सुरू झालं, रेडिओ सिटी. दुसऱ्या टप्प्याचं धोरण २००५ चं. परवान्याचे पैसे एकरकमी आणि मग उत्पन्नाच्या ४ टक्के, असा नवा हिशोब आला आणि मध्यम शहरांत केंद्रं काढणं परवडू लागलं. या टप्प्यात ९१ शहरं होती. महाराष्ट्रातून कोल्हापूर, सांगली, सोलापूर. गोव्यातून पणजी. कर्नाटकातून बेंगळुरू, म्हैसूर, मंगळूर आणि गुलबर्गा. बेळगाव नव्हतं.

कोल्हापुरात रेडिओ मिर्ची आली. पुढारी समूहाचं टोमॅटो आलं. त्या आधीपासून आकाशवाणीचं कोल्हापूर एफएम १०२.७ वर होतंच. सांगलीत रेडिओ सिटी आली. निपाणी कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटर, मधे मोठा डोंगर नाही, त्यामुळे निपाणीला हे सगळं आयतं मिळालं. निपाणीच्या दुकानात बसून कोल्हापूरच्या आरजेला फोन करायचा, गाणं मागायचं, आपलं नाव ऐकायचं. आरजेलाही 'निपाणीहून' म्हणायला काही वाटत नाही. त्याच्या दृष्टीने निपाणी म्हणजे कोल्हापूरचं गिऱ्हाईक.

बेळगावला यातलं काही पोचलं नाही. उत्तरेला तवंदीचा घाट, पश्चिमेला सह्याद्री, त्यामुळे कोल्हापूरही नाही आणि पणजीही नाही. कोलंबो ऐकणारं शहर शंभर किलोमीटरवरच्या कोल्हापूरला मुकलं.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवं. म्हणजे सीमाप्रश्नावर कुणी काही बोलेल, भडकवेल, ही भीतीच नाही. फक्त गाणी, गप्पा, जाहिराती. एवढ्या निरुपद्रवी गोष्टीसाठी इतकी वर्षं थांबावं लागलं.

२०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याचं धोरण आलं. एक लाखावर वस्ती असलेली २२७ नवी शहरं त्यात धरली होती, पण लिलाव तुकड्या-तुकड्यांनी झाले आणि बेळगाव मागेच राहिलं. मधल्या काळात शहरात एक रेडिओ उभा राहिला तो केएलई संस्थेचा वेणुध्वनी, ९०.४ वर. हे सामुदायिक केंद्र आहे. अशा केंद्रांना शंभर वॅटपर्यंतचीच प्रसारणशक्ती, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, जाहिरातींवर मिनिटांची मर्यादा, आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले असावेत असा नियम. आरोग्य, शिक्षण, शेती, गावातले कलाकार, हे त्याचं काम. हिट गाण्यांचं केंद्र म्हणून त्याच्याकडे बघणं त्याच्यावरच अन्याय होईल.

२०२४ ची यादी आणि एक शब्द

२८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. राखीव किंमत ७८४ कोटी ८७ लाख. या यादीत बेळगाव आहे. सरकारी निवेदनात या वाहिन्यांचा उद्देश सांगताना 'मातृभाषेत' स्थानिक कार्यक्रम मिळतील असं म्हटलंय.

बेळगावात मातृभाषा हा शब्द उच्चारला की दोन माणसं माना वर करतात.

परवाना केंद्राचा, त्यामुळे गाण्यांची भाषा बेंगळुरू ठरवणार नाही आणि मुंबईही नाही. ती ठरवणार जाहिरातदार. मुंबईचाच अनुभव बघा. महाराष्ट्राची राजधानी, पण तिथली बहुतेक खासगी केंद्रं हिंदी गाण्यांवर चालतात. उलट बेंगळुरूत सुरुवातीला हिंदी वाजवणारी केंद्रं नंतर कानडीकडे वळली, कारण ऐकणारे तिकडे गेले. बेळगावात मराठी गाणं वाजेल की नाही, हे शहापूर, वडगाव, टिळकवाडीत लोक कुठलं स्टेशन लावतात आणि तिथला दुकानदार कुठे जाहिरात देतो यावर ठरेल. मोर्चाने रेडिओची कळ फिरत नाही.

माझं मत विचाराल तर, एकाच भाषेचं केंद्र इथे चालणार नाही. आमचे कान पहिल्यापासून मिश्र आहेत. लग्नाच्या वरातीत मराठी गाण्यामागून राजकुमारांचं गाणं लागतं आणि नाचणारे तेच असतात. २०१६ चा सैराट घ्या. अजय-अतुलची गाणी इकडे तिकडे सगळीकडे वाजली, आणि पुढच्या वर्षी त्याच सिनेमाची कानडी आवृत्ती मनसु मल्लिगे आली, तेच संगीतकार, तीच रिंकू राजगुरू. निपाणीच्या पोरांना दोन्ही भाषांतलं झिंगाट येतं. गीतमालेने देशाची क्रमवारी लावली, कोल्हापूरचे आरजे कोल्हापूरची लावतात. मराठी, कानडी, हिंदी एकत्र धरून या पट्ट्याची क्रमवारी आजवर कुठल्या मोठ्या केंद्राने लावलेली नाही. लावली तर पहिल्या पायदानावर काय येईल, यावर कट्ट्यावर पैज लावायला हरकत नाही.

निपाणीला या सगळ्यातून वेगळं काही मिळणार नाही. वस्ती लाखाच्या आत, त्यामुळे यादीत नाव नाही. बेळगावला टॉवर उभा राहिला तरी तवंदीचा घाट तिथेच आहे, फक्त तो आता दुसऱ्या बाजूने आडवा येईल. आकाशवाणीची केंद्रं सरकारी ॲपवर मिळतात, बाकी गाणी फोनवर. विड्या वळणाऱ्या मावशींच्या शेजारी मात्र अजून छोटा एफएम संच दिसतो, काटा ९४.३ वर, कारण तो फिरवायला हात रिकामा करावा लागतो.